चौकातली डॉक्टरेट

नाश्त्याला वेदिका एवढंच म्हणाली होती, "पप्पा, पीएचडी करावी का, विचार करतेय."

मुंबईतल्या एका कंपनीची नोकरी हातात होती. शेअर बाजाराची गणितं मांडायचं काम. पण पुढं मोठ्या खुर्चीवर बसायचं तर पीएचडी असलेली बरी, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. कंपनीला सोमवारी काय ते कळवायचं होतं.

मनोजरावांना 'विचार' वगैरे पचत नाही. पोहे संपायच्या आत त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलं, 'वेदिका पीएचडी करणार!' ते नामपूरला त्यांच्या भावानं, झिपरूकाकांनी वाचलं. झिपरूकाका म्हणजे शेजाऱ्यानं म्हैस घेतली तरी फ्लेक्स लावणारा माणूस! रविवारी सकाळी फोटो आलाच. नामपूरच्या चौकात भला मोठा फ्लेक्स, त्यावर वेदिकाचा फोटो, 'डॉ. वेदिका देवरे यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून झिपरूकाका, फोन कानाला लावून.

"काका, आधी तो फ्लेक्स उतरवा!" वेदिकानं फोनवर ठणकावलं.

"आता कसा उतरवू? सांजले शाळेत सत्कार शे तुना. शाल बी आणेल शे."

"अहो, पण मी अजून काही ठरवलंच नाहीये!"

"मग ठरवीसन ये!"

झालं! मनोजरावांनी हौसेनं नाशिकहून गाडी काढली. चौकात वेदिका तणतणत उतरली. फ्लेक्स फाडायचाच, असं ठरवून. पण 'डॉ. वेदिका देवरे' तिनं एकदा वाचलं, मग परत वाचलं, आणि तिला फार म्हणजे फारच छान वाटलं. तिनं फोटोसुद्धा काढला. मग मात्र ती चरकली. आपल्याला हवं होतं ते एवढंच की काय? संशोधनाला विषय कुठला घेणार, हे स्वतःलाच विचारलं तर एकही सुचेना. नोकरीतलं काम मात्र नुसतं आठवलं तरी हात शिवशिवत होते.

शाल झाली, नारळ झाला, माईक आला.

"मी पीएचडी करणार नाही," वेदिका म्हणाली. "मला नावापुढं डॉ. हवं होतं, ते काकांनी लावून दिलं. एखादा प्रश्न खरंच छळायला लागला तर जाईन शिकायला. आत्ता नोकरी. नाही म्हणजे नाही!"

नारळ परत घ्यायचा की कसं, हे मुख्याध्यापकांना कळेना. परतीच्या वाटेवर मनोजरावांनी रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला. वेदिकाला रडू येत होतं, पण निर्णय काही बदलावासा वाटत नव्हता.

सोमवारी तिनं कंपनीला होकार कळवला. तेवढ्यात काकांचा फोटो आला. तोच चौक, तोच तिचा फोटो, नवा फ्लेक्स: 'पीएचडी न करण्याच्या धाडसी निर्णयाबद्दल कु. वेदिका देवरे यांचे हार्दिक अभिनंदन!' काका या खेपेला कोपऱ्यात सरकलेले. मधोमध, गॉगल लावून, शुभेच्छुक मनोजराव.

वेदिकानं वर पाहिलं. मनोजराव पेपरात तोंड खुपसून पोहे खात होते.

"पप्पा, हा गॉगलवालाच फोटो का दिलात?"

"दुसऱ्या कुठल्यात मी हसत नव्हतो," पेपरामागून आवाज आला.