पलंगाखालची अळंबी

घरच्या घरी अळंब्या पिकवण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नसेल. पेंढा उकळायचा, निथळायचा, पिशवीत भरताना मधेमधे बियाणं पेरायचं, पिशवीला भोकं पाडायची आणि ती अंधाऱ्या, गार जागी ठेवून विसरून जायचं. उन्हातान्हात राबणं नाही, काही नाही. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. अळंबीवरच्या एका पुस्तिकेतले ऱ्हस्वदीर्घ सुधारता सुधारता हे सगळं मला तोंडपाठ झालं होतं.

अडचण एकच होती. आमच्या घरात माझ्या छंदांवर बंदी होती. गेल्या वर्षी मी मेणबत्त्या केल्या होत्या. त्यातलं शेरभर मेण बेसिनच्या नळीत जाऊन घट्ट बसलं आणि आम्ही चार दिवस भांडी बाथरूममध्ये घासली. तेव्हा बायकोनं जाहीर केलं, "यापुढे या घरात छंद म्हणजे वाचन."

म्हणून ठरवलं की कुणाला कळू द्यायचं नाही. बायकोच्या वाढदिवसाला स्वतः पिकवलेल्या अळंब्यांचं सूप तिच्यापुढे ठेवायचं आणि मगच तोंड उघडायचं. ती दवाखान्यात गेलेली बघून मी पेंढा उकळला. ती दातांची डॉक्टर आहे, संध्याकाळपर्यंत येत नाही. घरभर गोठ्याचा वास सुटला, तो मी खिडक्या उघडून घालवला. पिशवी ठेवली पाहुण्यांच्या खोलीत, पलंगाखाली अगदी भिंतीला टेकवून, आणि पुढे दोन सुटकेसी लावल्या. त्या खोलीत वर्षभर कुणी फिरकत नाही.

सतराव्या दिवशी सासरे आले. त्यांच्या घराचं रंगकाम निघालं होतं. आठवडाभर राहणार होते, अर्थातच त्या खोलीत.

सासरे म्हणजे साधं प्रकरण नव्हे. त्यांची सगळी हयात इमारतींच्या बांधकामावर देखरेख करण्यात गेली. आजही कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवर टिचकी मारतात आणि मग माणसांची विचारपूस करतात.

नेमकं तेव्हाच पिशवीवर दिवसातून तीनदा पाणी फवारायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे घोरतायत असं बघून मी फवारा घेऊन पलंगाखाली शिरलो. बाहेर आलो तेव्हा ते उठून बसले होते.

"जावईबापू, काय चाललंय?"

"झुरळं," मी म्हणालो. सुचलं तेवढं बोललो.

"फवाऱ्यात औषध कुठलं?"

"पाणी आहे."

"पाण्यानं झुरळ मरतं?"

"मरत नाही. पण घाबरतं."

सासरे म्हणाले, "झुरळं आहेत म्हणजे ओल आहे." आणि पलंगामागच्या भिंतीवर टिचकी मारून कान लावून बसले. मला तेव्हाच काय ते सांगून टाकता आलं असतं. पण वाढदिवस चार दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्रितं तपासत असताना बायकोचा फोन आला. तिकडे यंत्राची घरघर चालू होती.

"बाबांना पलंगाखाली काहीतरी उगवलेलं दिसलंय. मोठमोठं, पांढरं. ओलीमुळे बुरशी धरलीय म्हणतात. त्यांनी मिस्त्रीला बोलावलंय."

"थांब," मी म्हणालो. "ते माझं आहे."

"घर तुझंच आहे रे, कोण नाही म्हणतंय? माझंही आहे. म्हणून तर दुरुस्त करायला हवं ना?"

"तसं नाही. पलंगाखाली जे आहे ते मी–"

"मोठा आ करा."

"आ?"

"तुला नाही. पेशंटला. तू घरी जा आणि बाबांना मदत कर." फोन बंद झाला.

मी अर्ध्या पानावर पेन्सिल टाकून धावत सुटलो. घरी पोचलो तेव्हा पलंग भिंतीला उभा केला होता, मिस्त्रीनं दोन फरश्या काढून तिसरीला छिन्नी लावली होती आणि सासरे खुर्ची टाकून, पायावर पाय ठेवून, धरणाचं काम चालल्यासारखे देखरेख करत होते. त्यांच्या हातात बरणी होती. बरणीत माझ्या पाच अळंब्या. इतक्या सुंदर आल्या होत्या की त्या धुळीतही माझा ऊर भरून आला.

"बाबा, काम थांबवा," मी म्हणालो. "ओलबिल काही नाही. या अळंब्या आहेत. मी पिकवल्यात."

सासरे मिस्त्रीकडे बघून हसले. "बघितलंस? तोडफोड टाळायला माणूस काय वाटेल ते बोलतो."

"खरंच सांगतोय. इथे पिशवी होती. पेंढ्याची."

"ती होय? उंदरांनी साठवलेला पेंढा होता तो. कुजला होता. मी कचऱ्याच्या गाडीत टाकायला लावला."

एकोणीस दिवसांची मशागत गाडीत बसून गेली होती. आता पुरावा म्हणजे बरणीतल्या त्या पाच. माझं डोकं तापलं. मी बरणीत हात घातला, एक अळंबी उचलली आणि सगळ्यांदेखत कच्ची खाल्ली.

"बघा. खायच्याच आहेत."

सासऱ्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "मिस्त्री, धर यांना. भिंतीवरची बुरशी खाल्ली यांनी." मग जे झालं ते सविस्तर सांगण्यासारखं नाही. मिस्त्रीचे हात चांगले दणकट होते. सासऱ्यांनी तांब्याभर मिठाचं पाणी केलं आणि दोघांनी मिळून ते मला पाजलं. नंतरची पंधरा मिनिटं मी बाथरूममध्ये होतो. तेवढ्यात सासऱ्यांनी लेकीला फोन केला. "तुझ्या नवऱ्यानं विष खाल्लंय, लवकर ये," एवढंच सांगितलं म्हणे.

ती आली ती अंगात पांढरा कोट आणि हातात रबरी मोजे तसेच घेऊन. मी बाथरूमच्या दारात बसलो होतो. तिनं नाडी बघितली, डोळे बघितले आणि सवयीनं दातही बघितले.

"काय खाल्लंस?"

मी सगळं सांगितलं. पुस्तिका, पेंढा, वाढदिवस, सूप. तिचे ओठ जरासे हलायला लागले. ती हसणार आणि सगळं मिटणार असं मला वाटलं.

तेवढ्यात आतून मिस्त्रीनं हाक मारली. "साहेब, लागलं."

चौथ्या फरशीखाली पाणी होतं. चांगलं वाटीभर साठलेलं. बाथरूमकडून येणारा पाईप सांध्यावर चिरला होता आणि किती दिवसांपासून कोण जाणे, थेंब थेंब गळत होता. मिस्त्री म्हणाला, अजून दोन महिने गेले असते तर अख्खी भिंत फुगली असती.

सासरे उठून उभे राहिले. "बुरशी कधी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी मायेनं, "तुम्ही आता पडा जरा. फार बोलू नका."

त्यानंतर माझी बाजू ऐकायला कुणी उरलंच नाही. पाईप बदलून फरश्या नीट बसेपर्यंत सासरे आणखी बारा दिवस राहिले. वाढदिवसाला बायकोनं स्वतःच दुधीचं सूप केलं. शेजारीपाजारी आपापल्या भिंती दाखवायला सासऱ्यांना घेऊन जाऊ लागले.

ते गेल्यावर मी बायकोची रीतसर परवानगी घेतली. तीच पुस्तिका, तेच बियाणं, तोच पलंग, तीच भिंत. या वेळी चोरीमारी नाही म्हणून दिवसातून तीनदाच काय, पाचदा पाणी फवारलं. तीन आठवडे झाले, चार झाले. पेंढा वाळून खडखडीत. अळंबी औषधालासुद्धा नाही.

काल संध्याकाळी मी पलंगाखाली पालथा पडून पिशवी न्याहाळत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली. मग अगदी गंभीर आवाजात विचारलं,

"मिस्त्रीला सांगून पाईपला एक बारीकसं भोक पाडून घ्यायचं का?"