धुऱ्याची हजामत

ते पत्र उन्हाळ्यात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. दिलं नाही म्हणजे काय, देणारच होतो! ज्या माणसाने सगळी नोकरी ग्रंथालयात काढली, त्याला एका सरकारी पत्राला दोन ओळींचं उत्तर लिहायला काय लागतं? एक पेन, एक पोस्टकार्ड आणि कपभर चहा! असं मी सुनेला, दिपालीला, ऐटीत सांगितलं आणि लिहायला बसलो.

'महोदय' लिहिलं. मग वाटलं, अधिकारी बाई असल्या तर? 'महोदय/महोदया' केलं. ते रेल्वेच्या आरक्षणाच्या अर्जासारखं दिसू लागलं. फाडलं. 'आपले पत्र मिळाले' असं लिहिलं. मिळाल्याशिवाय उत्तर कसं देताय, असं त्या म्हणाल्या तर? तेही फाडलं. असं करता करता पावसाळा आला.

"बाबा, उत्तर पाठवलं?"

"मजकूर पक्का होतोय."

"सरकारला लिहायचंय बाबा, व्याह्यांना नाही!"

प्रकरण असं होतं. मी राहतो शहरात, बेसाला, पण खाप्याजवळ माझं थोडं वावर आहे. ते ताराचंद बटईने, वाट्यावर करतो. त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळी आहेत, बोरी आहेत, एक म्हातारा पळस आहे आणि कंबरभर गवत. त्या गवतात तितर अंडी घालतात. सरकारने योजना काढली की जो धुऱ्यावरची झाडं-गवत राखेल, नांगर घालणार नाही, जाळणार नाही, त्याला दर वर्षी पैसे. अर्ज मी केला. पैसे ताराचंदला मिळायचे, कारण राखणार तोच. माझ्या शब्दावर त्याने दोन हंगाम धुऱ्याला नांगर लावला नव्हता. गाव त्याला हसत होतं. त्याची बायको गोपिका तर मला तोंडावर म्हणाली होती, "काकाजी, यंदा पैसे नाही आले, तर मी धुरा नांगरून तूर टाकीन. मंग तुमचे तितर तुमच्या बेसाच्या फ्लॅटमंधी घेऊन जा!"

आणि पत्रात इतकंच विचारलं होतं: पाहणीसाठी सोयीची तारीख लेखी कळवावी.

भाद्रपदात योजनेच्या कार्यालयातून फोन आला. "नंदिनी मॅडम येत्या गुरुवारी खाप्याकडे येऊन राहिल्या. वावरात थांबा."

कशासाठी, असं विचारायला हवं होतं. पण अनोळखी माणसाला फोनवर प्रश्न विचारायचा म्हटलं की मी त्याचाही मजकूर पक्का करायला घेतो. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर "धन्यवाद" म्हणालो. पाहणीच असणार, दुसरं काय!

ताराचंदला कळवलं. "मॅडम धुरा पाहायला येताहेत. जरा नीट लक्ष दे."

"तुमी टेन्शन घेऊ नका काकाजी! असा धुरा करून ठेवतो का मॅडम पाहतच राहतीन!"

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण मी तितरांवर बोलायचं टिपण काढण्यात दंग!

गुरुवारी वावरात पोचलो आणि वाटलं, दुसऱ्याच्याच वावरात आलो. धुरा मुंजीतल्या बटूच्या डोक्यासारखा गुळगुळीत! गवताची एक काडी नाही. बाभळी-बोरींच्या खालच्या फांद्या छाटलेल्या, बुंध्यांना पांढराशुभ्र चुना आणि वर गेरूचा पट्टा. सगळी झाडं मोजे घालून कवायतीला उभी! पळसावर 'सुस्वागतम्' लिहिलं होतं आणि त्याच्यापुढे रांगोळी.

"ताराचंद, हे काय केलंस?"

"चुना मारला जी. मंत्री आले होते तवा रोडच्या झाडाइले असाच मारला होता."

"आणि गवत?"

"कापलं! सायेब लोक येतीन अन् धुऱ्यावर कचरा? लोक का म्हणतीन आपल्याले?"

"अरे, त्या कचऱ्याचेच तर पैसे मिळणार होते!"

ताराचंदच्या हातातला चुन्याचा ब्रश खाली आला. गोपिकाने कमरेवर हात ठेवले. "मी म्हणून राहिली होती, काकाजीले इचारून घ्या. पण याहिले तर चुन्याचा डब्बा उघडाचा होता!"

"अन् मंग तू रांगोळी काहून टाकली?"

"तुमी चुना मारला म्हणून!"

मी ताराचंदला आठवण करून दिली, की याच बोरीखाली बसून मी त्याला मधमाश्या, परागकण, किडे, पक्षी सगळं समजावलं होतं.

"समजावलं ना जी," तो कळवळून म्हणाला. "शेवटी तुमी म्हटलं, झाडं नीट ठेव. ठेवली!"

आता सांगा, कुणावर चिडायचं? मी माझ्यावरच चिडलो. मला त्याची सवय आहे.

"चाला," गोपिका म्हणाली, "कापलेलं गवत गोठ्याजवळ पडून हाये. परत रोवू!"

आणि आम्ही खरोखर रोवलं! पेंढ्या आणून धुऱ्याच्या ओल्या मातीत खोचल्या. पुस्तकांवरची धूळसुद्धा रुमालाने टिपणारा मी गुडघाभर चिखलात! चुन्यावर चिखल फासला, तर झाडं नायटा झाल्यासारखी दिसू लागली. तरी लांबून, डोळे किलकिले करून आणि चष्मा काढून पाहिलं, तर धुरा धुऱ्यासारखा वाटत होता.

तेवढ्यात नाल्याकडून शेजारच्या धोंडबाच्या बकऱ्या आल्या. कापलेलं गवत, तेही उभं करून वाढलेलं! त्यांच्या सात पिढ्यांत कुणी असा पाहुणचार केला नसेल. मी छत्री घेऊन धावलो. बकऱ्यांना वाटलं, आणखी वाढायला आलो. एकीने माझं तितरांचं टिपण खाल्लं. दुसरीने मॅडमसाठी आणलेला झेंडूचा हार ताराचंदच्या हातातूनच चाखायला घेतला. "सोड, सोड वं!" करत ताराचंद एका टोकाला आणि बकरी दुसऱ्या!

आणि जीप आली.

नंदिनी मॅडम उतरल्या. त्यांनी धुरा पाहिला, बकऱ्या पाहिल्या, मला पाहिलं. "काकाजी, हे काय सुरू आहे?"

गोपिकाने घाईघाईने त्यांच्या हातात नारळ दिला. माझ्या तोंडून फक्त "तितर" एवढंच निघालं. मग मात्र ताराचंदचा चेहरा पाहिला आणि सगळं बोलून टाकलं.

"मॅडम, चूक माझी आहे. धुरा परवापर्यंत होता. मी नीट सांगितलं नाही. पाहणीत मला नापास करा, पण या दोघांनी दोन हंगाम—"

"कुठली पाहणी?"

"आजची."

"आज कशी पाहणी? तारीख तुम्ही लेखी कळवाल तेव्हा! तुमचं उत्तरच नाही आलं. योजनेत राहायचं आहे का नाही, ते विचारायला आली मी. बाकी सगळ्यांची उत्तरं केव्हाच आली. तुम्ही तर लायब्ररीत होते म्हणे?"

मी मान खाली घातली. पण सांगतो, माझ्या आळसाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं भलं केलं होतं!

मॅडमनी वाकून धुऱ्याची माती उकरली. "जाळलं नाही ना?"

"नाही जी!" ताराचंद ओरडलाच.

"मग मुळं जिती आहेत. वाढू दिलं तर नियमात बसते. पाऊस आहे अजून, गवत येते, चुनाही धुवून निघते. तारीख विचार करून टाका. पण या आठवड्यात उत्तर नाही आलं, तर नाव कटते!" जीपमध्ये बसताना त्या पळसाकडे पाहत म्हणाल्या, "अन् सुस्वागतमसाठी थँक्यू."

घरी आलो, चिखलाचे पायही न धुता पोस्टकार्ड काढलं. दिपाली मागे पोलिसासारखी उभी.

"लिहा. दिवाळीनंतरच्या सोमवारी यावे. खाली सही."

"मायना?"

"बाबा!"

मायन्याशिवाय लिहिलं. न फाडता लिहिलं! कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. आत टप्प असा आवाज झाला आणि मला ग्रंथ प्रकाशित झाल्यासारखं वाटलं.

तिथेच मोबाइल वाजला. ताराचंद.

"तारीख धाडली का जी?"

"आत्ताच. दिवाळीनंतरची."

"बेस केलं! आता धुऱ्याच्या गवताले हात नाही लावत, मायची आन! फक्त दिवाळीले घराले चुना मारतो ना, तो थोडा उरतेच. वाया काहून घालवाव? त्या पळसाले तेवढा..."

मी पेटीत हात घालून पाहिला. मनगटाच्या पुढे जात नाही.