गुळगुळीत कोंबडी

मंगळवारी सकाळी मामानं आत्याच्या बरणीतलं चमचाभर चाखून बघायचं ठरवलं. फक्त एक चमचा, आणि तोही तपासणी म्हणून. पुढं जे काही झालं, त्याला त्या चमच्याशिवाय दुसरं कुणी जबाबदार नाही. (असं मामाचं म्हणणं. चमच्याला कुणी विचारलं नाही.)

घरात माणसं मोजकीच. एक बाळ, वर्षाचं व्हायला आलेलं, खाली दोन दात. बाळाचे वडील, म्हणजे मामाचे दाजी. ते बस चालवायचे, उजाडायच्या आत घर सोडायचे आणि काहीही विचारलं तरी "बघू" म्हणायचे. आणि मामा, म्हणजे बाळाच्या आईचा धाकटा भाऊ. ताई दवाखान्यात होती तेव्हा तो चार दिवस मदतीला म्हणून आला. ताई घरी आली नाही, आणि मामा परत गेला नाही. एका रंगकामाच्या टोळीत त्याला काम मिळालं, बाहेरच्या खोलीत गादी मिळाली आणि बाळ मिळालं. निदान मामाचा तसा समज होता.

बाळाला तो 'ठेकेदार' म्हणायचा. समोर आणलेली कुठलीही वस्तू बाळ आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळायचं आणि मग नापास करायचं. ठेकेदारानं सगळ्यात आधी नापास केला तो मामाचा हात. दुधाची बाटली मामाकडून चालायची, ढुंगण धुवायला मामा चालायचा, घोडा व्हायला तर मामाच लागायचा. पण मामाच्या हातात चमचा दिसला की तोंड बंद. मान इकडं, मान तिकडं, ओठ असे मिटलेले की कागदसुद्धा जाऊ नये.

आणि आत्या आली की तेच तोंड दुकानाचं शटर वर जावं तसं उघडायचं.

आत्या म्हणजे दाजींची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची. रोज दुपारी ती एका पिशवीत दोन काचेच्या बरण्या घेऊन यायची. एकीत कोंबडी आणि लाल भोपळा, दुसरीत मटण, गाजर आणि वाटाणे, सगळं मऊ शिजवून घोटलेलं. एक बरणी ती बाळाला भरवायची आणि दुसरी सकाळसाठी फ्रिजमध्ये ठेवून जायची. मग मामा कामावर जायचा. पण जाता जाता दारात उभा राहून बघायचा. बाळ तिच्या मांडीवर असं सैल बसायचं, जणू तिथंच जन्मलं. आत्या काही करायचीसुद्धा नाही. चमचा नुसता वर उचलायची. मामा सकाळभर विमान करायचा, कुत्रा करायचा, एकदा तर स्टुलावर चढून नाचला होता. ही बाई नुसता चमचा उचलायची! मामाच्या पोटात असं दुखायचं की तो जिना दोन-दोन पायऱ्या सोडून उतरायचा.

सोमवारी आत्यानं फ्रिजमधली न उघडलेली बरणी बाहेर काढली आणि पहाटेची पाळी संपवून नुकत्याच आलेल्या दाजींसमोर ठेवली.

"आजही तशीच. लेकरू सकाळभर नुसत्या दुधावर. मी याला रविवारी माझ्याकडे घेऊन जाते."

"किती दिवसांसाठी?" मामानं विचारलं.

"दिवसांसाठी नाही. कायमचं. माझं घर आहे, मी घरात असते. इथं काय आहे? एक बसमध्ये, एक शिडीवर."

मामानं दाजींकडे पाहिलं. दाजी बुटाची लेस बघत होते.

"बघू," दाजी म्हणाले.

"तो माझ्या हातून खाईल," मामा म्हणाला.

"कधी? लग्नाला उभा राहिल्यावर?"

"रविवारच्या आत! पूर्ण वाटी!"

"खाल्ली तर इथंच राहील," आत्या म्हणाली. "माझा शब्द. पण वाटी म्हणजे वाटी. भिंतीवर लागलेलं मी धरणार नाही."

म्हणून मंगळवारी मामानं बरणी उघडली. बाळ उंच खुर्चीत बसलं होतं. मामानं विमान केलं. नापास. कुत्रा केला. नापास. मग त्याला संशय आला की ही बाई यात काहीतरी घालत असणार. साखर घालत असेल. नाहीतर एवढं शटर कसं उघडतं? त्यानं चमचा आपल्या तोंडात घातला.

साखर नव्हती. कोंबडी होती, भोपळा होता, आणि ताई होती.

लहानपणी मामा आजारी पडला की ताई असंच करून घालायची. हीच कोंबडी, असाच भोपळा, तळाला अगदी किंचित लागू दिलेला.  मामाला राग आला. ही चव या बाईकडे कशी? ही तर माझी! त्यानं खात्री करायला दुसरा चमचा घेतला. तिसरा रागानं घेतला. त्यानंतरचे कशानं घेतले ते त्यालाही सांगता येत नाही, पण चमचा काचेवर खडखडला तेव्हा बरणी रिकामी होती आणि बाळ हाताची घडी घातल्यासारखं बसून त्याच्याकडे बघत होतं.

दुपारी आत्यानं रिकामी बरणी पाहिली.

"खाल्लं?"

"खाल्लं," मामा म्हणाला. (खोटं नव्हतं. कुणी खाल्लं, ते तिनं विचारलं नाही.)

"सगळं?"

"चाटूनपुसून."

आत्याचा चेहरा असा उजळला की मामाला लाज वाटायला हवी होती. पण त्याला वाटली ती मजा. जिंकल्याची. पहिल्यांदाच त्या बाईच्या डोळ्यांत मामाविषयी काहीतरी बरं दिसलं होतं. ते तो सोडणार होता होय?

बुधवारसाठी तिनं मोठी बरणी ठेवली. मामानं बाळाला प्रामाणिकपणे तीनदा विचारलं. बाळानं तीनदा नकार दिला. मटण-गाजर संपलं. गुरुवारसाठी आणखी मोठी बरणी आली, शुक्रवारसाठी त्याहून मोठी. त्याही संपल्या. आणि रोज दुपारी बाळ आत्याच्या हातून नेहमीसारखं पोटभर जेवत होतं, कारण सकाळपासून ते फक्त दुधावर होतं. आत्या चकित व्हायची.

शुक्रवारी मात्र ती वजनाचा काटा घेऊन आली. बाळाला घेऊन उभी राहिली, बाळाला खाली ठेवून उभी राहिली, आणि तिचे डोळे पांढरे झाले.

"एवढं खातं आणि अंगाला काहीच लागत नाही! जातं कुठं सगळं?"

मामानं पोट आत ओढलं.

"जंत असणार," आत्या म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे नेते. जंताचं औषध—"

"औषध नको!" मामा ओरडला. "म्हणजे, एवढ्याशा जिवाला कशाला?"

"मग असं कर. उद्या सकाळी मी येऊन बसते. तुझ्या हातून कसं खातंय ते मला बघू दे. चावतंय की नुसतं गिळतंय, ते डॉक्टरला सांगता येईल."

 मामा कामावर गेला आणि एका खोलीच्या दाराला खिडकीचा रंग लावून आला.

संध्याकाळपर्यंत त्याचं एक मत पक्कं झालं. बरणी आत्याची म्हणून बाळाला आत्याच आठवते. माल आपला हवा. त्यानं कोंबडी आणली, गाजरं आणली आणि पोटाला आधार म्हणून भरपूर बटाटे आणले. सगळं मऊ होईपर्यंत उकडलं. इथपर्यंत कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं तेच त्यानं केलं.

पण मामा पुट्टीवाला होता. भिंतीला रंग लावायच्या आधी जी पुट्टी भरतात, ती कालवायचं काम त्याच्याकडे असायचं, आणि त्याच्या मिस्त्रीचा एकच नियम होता: बोट फिरव, बोटाला कण लागला तर काम परत. मामाला वाटलं, ठेकेदार नापास करतो तो यामुळेच. आत्याच्या मालात बारीक बारीक कण असायचे. आपला माल आरशासारखा करायचा.

त्यानं सगळं मिक्सरमध्ये घातलं आणि फिरवलं. बोट लावलं. कण. पुन्हा फिरवलं. बटाटा खेचला जायला लागला, मिक्सर कण्हायला लागला, मामा थांबला नाही. मग नव्या कोऱ्या चाळणीतून (कामावरची नव्हे, शपथ) सगळं दाबून दाबून गाळलं. चाळणीत कोंबडीचे तंतू आणि गाजराचे मऊ गोळे उरले. ते त्यानं कचरा म्हणून बशीत बाजूला काढून, वास नको म्हणून झाकून फ्रिजमध्ये ठेवले. खालच्या भांड्यात जे उतरलं ते फिकट केशरी, चमकदार, आणि इतकं गुळगुळीत होतं की मिस्त्रीनं बघून हात जोडले असते. मामानं चमच्याच्या पाठीनं त्यावर एक हात फिरवला आणि दिवा त्यात दिसतो का ते पाहिलं. दिसला.

शनिवारी सकाळी आत्या समोर खुर्ची ओढून बसली. दाजींची सुट्टी होती, ते दाराला टेकून उभे राहिले.

"हे माझं नाही," आत्या वाटी बघून म्हणाली.

"आज माझ्या हातचं," मामा म्हणाला.

त्यानं चमचा वाटीत घातला. चमचा आत गेला, पण बाहेर येताना वाटीही वर आली. मामानं वाटी पायात धरली आणि चमचा ओढला. बाळ हा प्रकार इतक्या नवलानं बघत होतं की त्याचं तोंड आपोआप उघडलं. मामानं संधी साधली. भिंतीतली भेग भरतात तसा त्यानं चमचा आत दाबला, वर ओढला, आणि कडेनं ओठ साफ केला. एका हातात काम!

बाळानं तोंड मिटलं. मग उघडायला गेलं. ओठ सावकाश, नाखुशीनं सुटे झाले. त्यानं आश्चर्यानं जीभ टाळूला लावली, आणि मग गाल फुगवून सगळा माल एका फुंकरीत आत्याच्या चष्म्यावर मारला.

आत्यानं चष्मा काढला. पुसला. आणखी पसरला. ती उठली, तिनं वाटी हातात घेतली आणि उलटी केली. काही पडलं नाही. तिनं वाटी हलवली. काही पडलं नाही.

"यात काय घातलंस?"

"बटाटा."

"बटाटा मिक्सरमध्ये?"

"गुळगुळीत व्हावं म्हणून."

"अरे, बटाटा मिक्सरमध्ये फिरवला की त्याची खळ होते! पाकिटं चिकटवायची!" तिनं पिशवीतून स्वतःची बरणी काढली. "आण इकडं. रोज माझं चाटूनपुसून खातंय, तेच दे."

तिनं बरणी उघडून बाळापुढं ठेवली. आता बाळानं चार दिवस रोज सकाळी याच खुर्चीत बसून एकच खेळ पाहिला होता. त्याला वाटलं, आज कुणी विसरलंय. त्यानं दोन्ही हातांनी बरणी उचलली आणि मोठ्या मायेनं मामाच्या तोंडाशी नेली.

"आऽ," बाळ म्हणालं.

 दाजी पहिल्यांदाच "बघू" म्हणाले नाहीत, कारण सगळं दिसत होतं.

"तू खाल्लंस," आत्या म्हणाली.

"चव बघितली."

"चार बरण्या? आणि मी लेकराला जंताचं औषध पाजायला निघाले होते!"

"ती ताईची चव होती," मामा म्हणाला. त्याला हे म्हणायचं नव्हतं. "तुमच्याकडे कशी आली? तिनं मला कधी शिकवलं नाही. मला नुसतं खाऊ घातलं. तुम्हाला शिकवलं."

 "दवाखान्यात मीच विचारून घेतलं होतं," आत्या हलक्या आवाजात म्हणाली. "बाळासाठी. तळाला किंचित लागू द्या म्हणाली." मग तिनं मान झटकली. "पण शब्द म्हणजे शब्द. मी कपडे भरते." आणि ती आतल्या खोलीत कपाटाकडे गेली.

कपाटाचं दार करकरलं. मामा बाळाला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. एक-एक झबलं पिशवीत पडल्याचा आवाज येत होता आणि त्याला काही सुचत नव्हतं. सुचलं ते बाळाला. बाळानं ओट्यावर वाकून सकाळी फेकायला काढून ठेवलेल्या बशीवरचं झाकण उडवलं आणि चाळणीतला तो कचरा मुठीत धरला. कोंबडीचे तंतू, गाजराचे गोळे. न्याहाळला. तोंडात घातला. आणि चावायला लागलं.

 मामानं एक तंतू बोटांनी आणखी मऊ केला आणि पुढं केला. शटर उघडलं. गाजर चुरडून दिलं. पुन्हा उघडलं. चमचा नाही, विमान नाही, मामाची रंगाचे डाग न निघालेली दोन बोटं. दोन दात फुटलेल्या माणसाला पुट्टी नको होती, चावायला काहीतरी हवं होतं!

"आत्या!" मामा ओरडला. "बशीतलं खातंय! वाटीएवढं आहे!"

आत्या झबलं हातात घेऊन दारात आली. दाजीही आले. बाळ जेवत होतं. प्रत्येक घास ते उजव्या गालात सारायचं, गाल फुगवायचं, आणि डोळे बारीक करून एका बाजूनं चावायचं. ताई असंच जेवायची. दोघांची आई तिला त्यावरून बोलायची. मामा ते बघत राहिला, शेवटचा घास द्यायचं विसरला, आणि बोट तसंच आत राहिलं. ठेकेदारानं ते दोन्ही दातांनी कडकडून चावलं.

मामा रडायला लागला. आधी डोळ्यांतून, मग नाकातून, मग खांदे हलवत, मग खाली फरशीवर बसून, बाळाला पोटाशी धरून. थांबेचना. बाळ त्याच्या कानात गाजर भरत होतं तरी थांबेना.

आत्या घाबरून खाली वाकली. तिनं बोट उलटंपालटं करून पाहिलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"अरे, दोन दात आहेत त्याला! दोन! एवढं काय झालं?"

"खूप लागलं," मामा हुंदके देत म्हणाला.

आत्यानं दाजींकडे पाहिलं. दाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.  मग ती उठली, आत गेली, आणि पिशवीतले कपडे एक-एक करून परत कपाटात ठेवायला लागली.

"राहू दे बाळाला इथंच," तिनं आतून दाजींना सांगितलं. "याला सांभाळायला कुणीतरी हवं घरात."