निखारे सरांनी उलगडलेले पडदे

आमचे डोळ्यांचे डॉक्टर निखारे सर माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत. नागपुरात सदरच्या बाजारात सख्खा साळा समोर आला तरी "कोण गा आपण?" म्हणून हात जोडतील. त्याच साळ्याला खुर्चीत बसवा, डोळ्यात उजेड टाका, की लगेच, "अरे वसंता! तू कधी आला गा?" म्हणे प्रत्येकाच्या डोळ्यातल्या पडद्यावरच्या शिरा वेगळ्या, तोंडं मात्र सगळी सारखीच.

डोळ्याच्या मागचा पडदा पाहण्यात सरांचा हात धरणारा कोणी नाही, हे मी छाती ठोकून सांगते. बावीस वर्षं त्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढून राहिली मी, उगाच नाही बोलत.

सरांचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. लुगड्यातला दोष हेरायची नजर तिथली. एकदा कामठीच्या एक मावशी आल्या. दुसरीकडे कोणी सांगितलं होतं, साखरेनं पडदा खराब झाला. बिचारीनं धास्तीनं जेवणच अर्धं केलेलं. सरांनी दोन्ही डोळे नीट पाहिले.

"रंग कच्चा असला तर त्यात रंगवलेल्या दोन्ही लुगड्यांवर डाग पडते, मावशी. तुमचा एक डोळा साफ आहे. दुसऱ्यात एकाच कोपऱ्यात शिरेचा धागा तुटला. साखर काहून म्हणता? मीना, बीपी पाहा यांचा!"

पाहिला. बाप रे, दोनशेच्या घरात! वेळेवर उपचार झाले. आता मावशी स्वतः सुई ओवतात.

आणि मागच्या महिन्यात सरांनाच दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. एका डोळ्यात मधोमध धब्बा. मला आत बोलावून दार लावलं.

"दोनच गोष्टी असू शकते, मीना. वयानं पडदा झिजून रक्त उतरलं असन, तर माझं काम संपलं. काळजीनं, जागरणानं पाणी साचलं असन, तर ओसरते. तू पाहा."

"मी? मशीन आहे ना, सर!"

"मशीन नंतर. पडदा पाहायले कोणी शिकवलं तुले? पाहा म्हणतो ना!"

थेंब घातले. बाहुली मोठी झाल्यावर वाकून पाहिलं. मधोमध पाण्याचा फुगा. रक्त कुठेच नाही, म्हातारपणाचे पिवळे ठिपकेही नाहीत. पुन्हा एकदा पाहिलं.

"सर, हे वयाचं नाही. काळजीचं आहे."

मशीननंही तेच दाखवलं. काय अभिमान वाटला मला, सांगू! सर मात्र खुर्चीतच बसून राहिले. सरांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, जाऊन वर्ष झालं होतं, पण तेराव्यानंतर सरांनी एक दिवसही दवाखाना बंद ठेवला नव्हता. मोठं खंबीर माणूस, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायची.

"झोपच येत नाही वं," सर म्हणाले. "घरात बोलायले कोणी नाही."

आणि ढसाढसा रडले.

बाहेर पेशंट खोळंबले होते. मी दार थोडं उघडून सांगितलं, "सरांच्या डोळ्यात औषध घातलंय, थोडा वेळ लागेल."