अकरा झाडांची प्रजाती

विज्ञानाच्या दृष्टीने वनस्पती नुसती जिवंत असून भागत नाही. तिचा वाळवलेला नमुना कपाटात असावा लागतो. मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात हेच शिकवतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर मला नवी प्रजाती सापडली. (सापडली म्हणजे डबा खायला मी तिच्यावरच बसलो.)

आठ महिने तव्यासारखा तापणारा तो कातळ. त्यावर जांभळ्या फुलांची वीतभर झाडं, एकूण अकरा. जगात दुसरीकडे कुठेही नोंद नाही. मला भरून आलं, आणि मी उपटायला सुरुवात केली.

मुख्य नमुना एक. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांना चार. जनुकीय तपासणीला दोन. स्पिरिटच्या बाटलीत एक. विभागप्रमुखांना कुंडीत एक (प्रजातीला त्यांचं आडनाव द्यायचं होतं, त्यांनी कौतुकाने रोज पाणी घातलं, मुळं कुजली). एक फोटो काढताना माझ्याच बुटाखाली गेलं. अकरावं एकटं राहिलेलं बघवेना, म्हणून तेही सोबत घेतलं.

शोधनिबंधात 'धोके' या सदरात मी लिहिलं: अनिर्बंध चराई. तिथे शेरडं चारणाऱ्या मथुराकाकी म्हणाल्या, "शेरडा तोंड नाय लावीत त्याला, मास्तर. कडूजहर हाय." मी नोंद केली: स्थानिकांमध्ये जागृतीचा अभाव.

मग पुढच्या वर्षी भाद्रपदात परीक्षकांचं पत्र आलं. फळाचं वर्णन नाही, सबब प्रजाती मान्य नाही. फळ धरायच्या आधीच मी सगळी उपटली होती. बढती तर गेलीच. पण खरं सांगतो, त्या झाडाचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं. दोन दिवस सड्यावर गुडघ्यांवर रांगलो. एकही दिसलं नाही.

शेवटी काकींना विचारलं.

"हायत ना," त्या म्हणाल्या. "पन हात पाठीमागं बांधून यायचा."

शेरडाच्या दाव्याने त्यांनी माझे हात बांधले. एका दगडी गडग्याच्या भिंतीआड सात झाडं होती, फळांनी लगडलेली. पट्टी काकींनी धरली, आकडे मी पाठ केले. डोळे भरून आले, पुसताही येईनात.

निबंध छापून आला. 'धोके' सुधारले आहेत: क्रमांक एक, संशोधक. आजवर तो तीन जणांनी वाचला आणि दोनशे बारा जणांनी नेमकी जागा विचारली. तुम्हीही मघापासून तो सडा कुठला असेल, हेच ताडून बघताय ना?

सांगतो. आधी हात मागे करा.