मोजणाऱ्याचं पान

विरुपाक्ष गेले तीन दिवस धुमसत होता. लोहाऱ्यात घरी बसून तो एका विमा कंपनीची नोकरी करायचा. कंपनीचा मेनफ्रेम, म्हणजे कपाटाएवढा दांडगा संगणक, पुण्यात. त्याच्या पोटात कुणाच्या नजरेला न पडता शेकडो कामं चालतात. त्यातलं कोण किती ताकद खातं, हे बघणं विरुपाक्षाचं काम. महिनाअखेरीच्या गर्दीनं यंत्र जरा रखडलं आणि इंद्रजितसाहेबांचा फोन आला, "शुक्रवारपर्यंत खादाड शोधा. नाहीतर घरून काम बंद, तुम्ही पुण्याला या."

पुण्याला! बायकोची, महेश्वरीची नोकरी इथल्या शाळेत, आईचे गुडघे धरलेले, आणि हा तिकडे कुणाच्या तरी खोलीत खाटेवर? विरुपाक्षाचं डोकं फिरलं. त्यानं रागाच्या भरात एक मोजणीचा प्रोग्राम लिहिला. दर पंधरा मिनिटांनी त्यानं सगळ्या कामांची हजेरी घ्यायची. चोर सापडेना, यंत्र आणखी मंदावलं. त्यानं पाच मिनिटांवर आणलं. शाखांतून ओरड सुरू झाली. मग एक मिनिट. शुक्रवारी सकाळी दर दहा सेकंदांनी.

"आता कुठं पळतूस बघतो!" तो स्क्रीनवर खेकसला. यंत्रानं बसकणच मारली.

त्यानं पुण्यात बॅकअप सांभाळणाऱ्या शुभांगीला फोन लावला. "तुजंच काम खायलंय सगळं!"

"माझं दोन टक्के खातंय, दादा. तुमच्याच यादीत लिहिलंय."

"यादीतल्या सगळ्यांचं मिळून पस्तीस होतंय. बाकीचं काय भुतानं खाल्लं?"

"मला काय माहीत? माझ्यावर कशाला डाफरता?" तिनं फोन ठेवला.

अपमान झाल्यावर माणूस मेल लिहितो. विरुपाक्षानं सगळ्यांना खरमरीत मेल ठोकला, 'हे काम ज्याचं निघेल त्याला सोमवारपासून पुण्यात यंत्रासमोर आणून बसवा. तीन महिने घरी सोडू नका.' साहेबांचं उत्तर मिनिटात आलं, 'मंजूर.' विरुपाक्षाला तेवढंच बरं वाटलं.

दुपारी त्याची आई शांतम्मा भाकरी घेऊन आल्या. "सकाळधरनं कुणावर वरडायलास रे?"

"अव्वा, सगळ्यांची पानं मोजली, तरी अन्न कुठं गेलं कळंना!"

शांतम्मांनी वीस वर्षं मठातल्या महाप्रसादाची कोठी सांभाळलेली. त्यांना मेनफ्रेम समजत नव्हता, पंगत समजत होती. "आमच्यात बी असंच व्हायचं. पानं मोजावी शंभर, अन् भात कमी पडावा. मग कळलं, वाढपी आपलं पान मोजीतच न्हाईत. राबून राबून भूक तर त्यान्लाच लई! तुज्या यादीत मोजणारा कुठंय?"

"मोजणाऱ्याला कुणी मोजतंय व्हय? मीच वगळलंय त्याला, उगं यादी लांबती म्हणून..."

घास हातातच राहिला. त्यानं प्रोग्राममधली एक ओळ बदलली. नवी यादी आली. पहिल्या नंबरावर त्याचीच मोजणी होती, पासष्ट टक्के. खाली शुभांगीचे बिचारे दोन टक्के.

त्यानं मोजणी बंद केली आणि यंत्र सुसाट सुटलं. इतका राग कुणावर काढावा हे मात्र त्याला सुचेना. समोर आई होती, तिच्यावर ओरडायची सोय नव्हती. भाकरीवर ओरडून उपयोग नव्हता.

फोन वाजला. इंद्रजितसाहेब खुशीत होते. "वा! सापडला वाटतं खादाड?"

"सापडला, साहेब."

"शाब्बास! तुम्ही निवांत घरून काम करा. आणि तुमचा मेल मी वरपर्यंत पाठवलाय, सगळ्यांना पटलाय. त्या गाढवाचं सोमवारचं तिकीट काढायला सांगतो. त्याला गाडी कुठून धरायची आहे?"

शांतम्मा ताटात आणखी एक भाकरी वाढत होत्या. विरुपाक्षानं ताट जरा बाजूला सरकवलं.

"लोहाऱ्याहून, साहेब," तो म्हणाला.