नानांचं हुकमी इंग्रजी वाक्य

आमच्या पारोळ्याच्या गल्लीत इंग्रजी अर्ज लिहायचा म्हटलं की लोक शेजारच्या नानांकडे जातात, आणि नाना कुठल्याही अर्जात ‘ब्लेसिंग इन डिस्गाइज’ घातल्याशिवाय सही करू देत नाहीत. वाईटाच्या वेषात आलेलं भाग्य, असा त्याचा अर्थ ते वर फुकट समजावतात. कचेरीत कारकून असताना एका साहेबांनी या शब्दांखाली लाल रेघ मारून ‘छान’ लिहिलं होतं. तेव्हापासून हा आजार जडला.

मला कावीळ झाली तेव्हा शाळेत द्यायचा रजेचा अर्ज त्यांनीच लिहिला. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “सर, तुमची कावीळ हे भाग्य कोणाचं? पोरांचं?” गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला, तर नानांनी तक्रारीत लिहिलं की अंधारामुळे शेजारी ओट्यावर बसून बोलू लागले, हेही ब्लेसिंगच. वीजवाल्यांना ते इतकं पटलं की चार दिवस कोणी फिरकलं नाही. मी चिडलो, तर म्हणाले, “भाऊ, तुले इंग्रजीनी चव नही.”

यंदा त्यांच्या पुतणीला, पुष्पाला, धुळ्याला नर्सिंगला जायचं होतं. नानांना मूलबाळ नाही. पाच वर्षांपूर्वी काकू अंथरुणाला खिळल्या तेव्हा ही पोर मदतीला आली, आणि त्या गेल्यावरही राहिली. नर्स का व्हायचंय, यावर इंग्रजीत पानभर लिहायचं होतं आणि त्यावरच जागा ठरणार होती. मी हात जोडले, “नाना, एवढ्या वेळेला ते वाक्य नको.”

पण पुष्पा नानांच्याच तालमीतली. तिनं कच्चं लिहून आणलं: काकूंच्या आजारपणात सेवा शिकले, ते आजारपण माझं ब्लेसिंग इन डिस्गाइज. मला वाटलं, नाना आता पेढे वाटतील.

नानांनी ते दोनदा वाचलं. मग पेनानं खोडलं, इतकं दाबून की कागद फाटला.

“ती मरी गयी, पुष्पा. तेनामा काय ब्लेसिंग शे?”

नवं पान त्यांनी तिला समोर बसवून लिहायला लावलं, अगदी साधं. जागा मिळाली. तिला धुळ्याच्या एसटीत बसवून आले आणि दिवसभर गल्लीत ज्याला त्याला पोरीला जागा मिळाल्याचं सांगत सुटले. संध्याकाळी मात्र स्वतःचं ताट घेऊन आमच्या दारात उभे.

“आज तुनाकडेच जेवसू, भाऊ. एकलाले घास उतरत नही.”

बायकोनं भाकरी वाढली. नाना ताटाकडे बघत हळूच म्हणाले, “सकायनी पहिली धुळानी गाडी कितला वाजता शे?”